हिंगणीची अनोळखी बाई

भाऊजी, तुमचा फोन मी अजून रोज चार्जिंगला लावते.

तुमचे दादा त्यावरून ओरडले. "गेलेल्या मानसाचा फोन कायले चार्ज करून राह्यली वं?" मी म्हटलं, बंद पडला तर लोकांना वाटेल ग्रुपही बंद पडला. "मंग वाटू दे," म्हणाले आणि कूस बदलून पडले. थोड्या वेळाने भिंतीकडे तोंड करूनच विचारतात, "काय आलं वं?"

काय येणार? लोक फुलं पाठवतात, मेणबत्त्या पाठवतात, हात जोडतात. मधूनच एखादा, ज्याला अजून कळलेलं नाही, लिहितो, 'मिलिंदभाऊ, त्या समुद्रपूरच्या गायन पार्टीच्या कॅसेटची दुसरी बाजू सापडली का?' मी 'पाहते' असं लिहिते. तुम्ही गेल्यापासून मी सगळ्यांना नुसतं 'पाहते, पाहते' म्हणत सुटले आहे.

मी थकले हो भाऊजी. माणूस गेल्यावर रडायला वेळ मिळतो असं वाटायचं. मिळतो तो चहा टाकायला. जलदानाचा विधी होईपर्यंत अर्धं सिंदी गाव येऊन बसून गेलं आणि प्रत्येकाला मी तेच सांगितलं. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, पेपर हातातच राहिला. सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालं की शेवटी शेवटी मी तोंडाने ते म्हणत होते आणि मनात साखर पुरेल का याचा हिशेब चालला होता. पेपरात बातमी आली. तुमची नोकरी आली, निवृत्ती आली, 'संगीतप्रेमी' असा शब्द आला. फोटो नेमका तो आला ज्यात तुम्ही केस रंगवले होते आणि रंग कपाळालाही लागला होता. ते सगळं लोकांनी वाचलं. मला दुसरंच बोलायचं आहे.

तुम्ही म्हणायचात, "वयनी, चार ओळी लिवून द्या. चारच. निबंध नोका लिहू."

आपल्या 'घासलेली टेप' या ग्रुपची सुरुवात त्या चार ओळींनीच झाली. निवृत्तीनंतर लोक सकाळी फिरायला जातात, तुम्ही कॅसेटी हुंगत फिरायला लागलात. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या पेटीतून, एकदा तर कारंज्याच्या ढाब्यावर एका ट्रकवाल्याच्या सीटखालून पिशवीभर. गावोगावच्या गायन पार्ट्या, जयंतीचे कार्यक्रम, खंजेरी भजनं, दोन पार्ट्यांचे कव्वालीचे मुकाबले. कुठल्याही दुकानात विकायला न आलेल्या, कुणीतरी समोर बसून टेप करून ठेवलेल्या. तुम्ही त्या खोलीत बसून संगणकावर उतरवायचात आणि ग्रुपवर टाकायचात. कोण कुठले लोक जमले! रायपूरचा एक जण, दुबईत गाडी चालवणारा एक, नाशिकची एक नर्स. ग्रुपचे नियम तुमचेच होते. काही मागायचं तर आधी आपल्याजवळचं एक द्यायचं. आणि रेकॉर्डिंग कापायचं नाही. खोकला, भांडण, 'बैलगाडी बाजूला घ्या' ही सूचना, सगळं असंच्या असं ठेवायचं.

तुम्हाला बोलता यायचं, पण लिहायला बसलात की घाम फुटायचा. म्हणून प्रत्येक गाण्याखालच्या चार ओळी माझ्याकडे आल्या. आता माझा आणि संगीताचा संबंध काय? कुकरची शिट्टी आणि गायकाची तान यांत मला एवढाच फरक कळतो, की कुकर वाजल्यावर उठावं लागतं. मी जे कळत होतं ते लिहिलं. 'दुसऱ्या कडव्यात कुणीतरी पाणी मागतं, गायक तेवढ्यापुरता थांबतो आणि पाणी पोचल्यावरच पुढे जातो.' 'ढोलकवाला रागावलेला आहे, बहुतेक जेवला नाही.' असलं. तर लोक म्हणायला लागले, वयनींच्या नोंदी वाचल्याशिवाय गाणं ऐकायचंच नाही! पुण्याच्या सरांनी तर मला एकदा 'आपण संगीत कुठे शिकलात' असं विचारलं. तुम्ही शेजारी बसून इतके हसलात की चहा नाकातून आला. म्हणालात, "लिवा, लिवा, चुलीपुढं शिकली म्हनून."

पुण्याचे सर म्हणजे ग्रुपमधले एकटेच खरे जाणकार. निवृत्त प्राध्यापक. स्वतः पेटी वाजवतात. मला ते वाचून धाक वाटायचा, तुम्हाला मजा वाटायची.

आणि मग तुम्ही हिंगणीचं ते गाणं टाकलंत.

मला तो दिवस आठवतो, कारण तुम्ही त्या दिवशी ओळी मागायला स्वतः स्वयंपाकघरात आलात. एरवी खोलीतून हाक मारायचात. मी पातोडीच्या वड्या पाडत होते. तुम्ही फोन ओट्यावर ठेवलात, गाणं लावलंत आणि दारात उभे राहिलात. बारीक, उंच, जराशी चिरकी असली तरी गोड अशा आवाजात एक बाई गात होती. मागे पेटी, ढोलक आणि माणसांचा गलबला. मी म्हटलं, "कोण हो ही?"

"मालूम नाई."

"कुठलं?"

"हिंगणीचं. जयंतीचं. लय जुनं आहे."

तेवढंच. मी पिठाच्या हाताने बसले आणि एका दमात लिहिलं. 'हिंगणी. गायिका अनोळखी. ही बाई दिवसभर शेतात निंदणाला जाऊन आली असावी. घरी लेकरू निजवून आली आहे आणि ते उठायच्या आत तिला परत जायचं आहे. म्हणून आवाजात अशी घाई आहे. पण एकही शब्द ती अर्धा टाकत नाही.' तुम्ही वाचलंत. नेहमीसारखे हसला नाहीत. "बरं लिवलं," म्हणालात आणि एक वडी उचलून गेलात.

त्या गाण्याने वेड लावलं लोकांना. दुबईचा गडी म्हणाला, गाडीत रोज हेच लावतो. नाशिकची नर्स म्हणाली, 'वयनी, ती घाई मला कळते.' जो तो आपल्या माणसांना पाठवायला लागला, ही ऐका, ही बाई ऐका. कुरकुर केली ती एकट्या पुण्याच्या सरांनी. 'आवाज विलक्षण आहे. पण यातली पेटी कोणत्याच पट्टीत बसत नाही. दोन स्वरांच्या मधे कुठेतरी वाजते आहे. आणि गाणं संपेपर्यंत आणखी वर सरकते. असं कसं?' तुम्ही मला सांगून लिहवून घेतलंत, 'बाजा बिघडलेला होता, सर.' सरांचं समाधान झालं नाही. ते दर काही महिन्यांनी पुन्हा विचारायचे आणि तुम्ही पुन्हा बाजा बिघडवायचात.

खरं तर मला तेव्हाच समजायला हवं होतं. कारण तो रोग तुम्हीच मला शिकवला होता. लाइन नसलेल्या गावातली एखादी कॅसेट आली की तुम्ही कान लावून म्हणायचात, "वयनी, आयका, गानारा कसा पिपानी वाजवल्यावानी करून राह्यला. सेलाचा रोग आहे." मग समजावून सांगायचात. टेप करताना मशीनमधले सेल उतरलेले असले की फीत हळू फिरते. पुढे तीच कॅसेट चांगल्या करंटवर लावली की ती भरभर पळते, आणि जाड आवाजाचा बाप्यासुद्धा बारीक आवाजात किंचाळायला लागतो. तुम्ही संगणकावर वेग कमी करायचात आणि माणूस झाडावरून खाली उतरल्यासारखा आपल्या मूळ आवाजात यायचा. कितीतरी गायक तुम्ही असे खाली उतरवून घेतलेत.

पण मी पडले लेखिका. मला तोवर ती बाई दिसायला लागली होती. तिच्या अंगावरची साडी कुठली तेही ठरलं होतं. हिरवी, काठाला विटकी.

आणि त्या बाईवरून आपलं भांडण सुरू झालं. किती वर्षं चाललं हो ते! मी म्हणायची, "भाऊजी, तिचं नाव शोधा. बाप्या गायकाचं नाव तुम्ही कुठून कुठून काढून आणता. पार्टीचं नाव, ढोलकवाल्याच्या मामाचं नाव. बाई गायली की अनोळखी?"

"नावानं काय होते, वयनी? गानं आयका ना."

"नावानं काय होते ते ज्याचं नाव पेपरात येतं त्याने सांगू नये."

"माह्यं कुठं येते?"

"येईल एक दिवस!"

आलं हो. आलंच शेवटी. आता मला त्या बोलण्याचं कसंतरीच होतं, पण तेव्हा आपण दोघेही हसलो होतो.

मी सोडलं नाही. एकदा तर उपास धरल्यासारखी धमकी दिली, की तिचं नाव लागेपर्यंत चार ओळी बंद. तुम्ही दोन दिवस बिन-ओळींची गाणी टाकलीत. लोक विचारायला लागले, वयनींची तब्येत बरी आहे ना? तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अंगणात स्कूटर काढलीत. "चाला. हिंगणीले जाऊ. तुमी विचारा, मी उभा राह्यतो."

मी डबा घेतला, पाण्याची बाटली घेतली, चांगली साडी नेसले. त्या बाईला भेटायचं तर तसं जायला नको? सेलूवरून जाताना वाटेत तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. मला वाटलं, रागावलात. हिंगणीत आपण घरोघर विचारलं. कुणाला काही आठवेना. विहाराजवळ एक आजी उन्हात गोधडी पसरून बसल्या होत्या. मी त्यांना गाणं ऐकवलं, खाणाखुणा सांगितल्या. त्यांनी कानावर हात ठेवून नीट ऐकलं.

"बाई? बाई नाई गाली वं."

"अहो आजी, ही काय गाते आहे."

"बायका साऱ्या सैपाकात होत्या. मीच होती ना पोया लाटाले. बाई काऊन गाईन? भाकर का तुयी माय थापन?"

मी तुमच्या कानाशी कुजबुजले, "विसरल्या म्हातारपणी." तुम्ही मान हलवलीत. "हो ना. वय झालं." मग आजींनी डोळ्यांवर हात धरून तुमच्याकडे पाहिलं. "तू कोनाचा रे बावा? पाह्यल्यावानी वाटून राह्यला."

"सिंदीचा, आजी."

"मंग आलता तू इथं. कवातरी आलता."

"आलो असन, आजी. धरन पाह्याले सारेच येतात." असं म्हणून तुम्ही स्कूटरला किक मारलीत. परतताना बोर धरणाच्या रस्त्याला झाडाखाली आपण डबा खाल्ला. मी निराश होऊन बसले होते. तुम्ही मात्र एकदम मोकळे झाल्यासारखे तीन पोळ्या जास्त खाल्ल्यात आणि मला म्हणालात, "वयनी, तुमी तिच्यासाठी एवढ्या लांब आल्या. तिले मालूम झालं तर लय बरं वाटन." मी म्हटलं, तिला कोण सांगणार? तुम्ही म्हणालात, "होते मालूम. हवेनं होते."

आता मी हे सगळं पुन्हा पुन्हा आठवते आणि कधी हसते, कधी तुमच्यावर इतकी चिडते की फोन चार्जिंगवरून काढून टाकावासा वाटतो. पाठोपाठ वाटतं, त्या झाडाखालची दुपार मला मिळाली हेच किती झालं. घरोघर फिरलात हो माझ्यामागे, चेहरा जराही न हलवता!

झालं असं, की मागच्या आठवड्यात पुण्याच्या सरांनी ग्रुपवर लिहिलं, 'मिलिंदजींचं एक काम अपुरं राहिलं आहे. हिंगणीची गायिका. ग्रुपतर्फे आम्ही काही जण पुढच्या महिन्यात येतो. तिला, नसेल तर तिच्या लेकरांना शोधू आणि मिलिंदजींच्या नावाने तिचा सत्कार करू. हीच त्यांना आदरांजली.' खाली सगळ्यांनी होकार भरला. नर्सबाई रजा काढणार, दुबईचा गडी शाल पाठवणार. मला 'वयनी, कॅसेटच्या कव्हरवर काही धागादोरा आहे का पाहाल?' असं विचारलं.

मी आपली 'पाहते' म्हणाले. यावेळी खरंच पाहिलं.

तुमच्या खोलीत तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच बसले. कॅसेट सापडली. वर तुमच्या तिरक्या अक्षरात 'हिंगणी', दुसरं काही नाही. म्हटलं, गाण्याच्या आधी-नंतर कुणी नाव पुकारलं असेल, मूळ कॅसेट ऐकावी. तुमचा तो जुना टेपरेकॉर्डर खाली घेतला, पिन लावली आणि नेमकी लाइन गेली. दुपारी जाते तशी. टेपरेकॉर्डरच्या पोटात सेलांची जागा रिकामी होती. मोठे सेल घरात एकाच ठिकाणी असतात, दादांच्या जुन्या पितळी बॅटरीत. ती खुंटीवरून काढली.

त्या बॅटरीवरून मी तुम्हाला किती बोलले असेन! दादा आता शेतात जागलीला जात नाहीत, घरात चार्जिंगचे दिवे आहेत, तरी तुम्ही पगार झाला की, नंतर पेन्शन झाली की, नवे सेल आणून त्या बॅटरीत टाकायचात. "दादा, बॅटरी भरून ठेवली बरं." मी म्हणायची, काय हे खूळ! ह्या उन्हाळ्यापासून तुम्हाला पायऱ्या उतरवत नव्हत्या, दुकानापर्यंत जाववत नव्हतं. म्हणजे आतले सेल तुम्ही शेवटचे टाकलेले. मिणमिणता उजेड देत होते. ते काढून टेपरेकॉर्डरमध्ये घातले, बटण दाबलं.

फीत रडतरखडत फिरली. आधी गलबला, मग पेटी. आणि मग एक मुलगा गायला लागला. नुकती मिसरूड फुटलेला असावा. कोवळा, भरदार, सावकाश. कुठेही घाई नाही.

मला वाटलं, चुकीची बाजू लागली. मी बंद करायला हात पुढे केला आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून दादा आले. पायात चप्पल नाही, हातात काठी नाही. कधी नव्हे ते धावत. दारात उभे.

"कोनं लावलं वं मिल्याचं गानं?"

ते ग्रुपवरचं गाणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. 'तुमचं तुमी आयका, मले झोपू द्या' म्हणणारा माणूस. त्यांना एका ओळीत कळलं. आणि मी, वयनी, जिच्या नोंदी वाचल्याशिवाय लोक गाणं ऐकत नाहीत!

गाणं संपेपर्यंत ते उभेच होते. मग तुमच्या खाटेवर बसले आणि माझ्याकडे न पाहता त्यांनी सांगितलं. तुम्ही गायन पार्टीत चार गावं हिंडून तयार झाला होतात. हिंगणीला पहिल्यांदाच तुम्हाला एकट्याला गाणं मिळालं होतं. मशीन तुम्ही मागून आणलं होतं, सेल पैसे साठवून नवे घेतले होते. निघायच्या आधी दादांना शेतात जायचं होतं, डुकरं यायची. बॅटरी विझू विझू झाली होती.

"म्या बदलले. त्याचे नवे बॅटरीत, माह्ये जुने मशीनमंधी. मले वाटलं, एवढ्याशा सेलानं काय होते. बॅटरीले उजेड लागते. मशीनले काय, मशीन तं नुसतं बोलते."

दुसऱ्या दिवशी ज्याचं मशीन होतं त्याच्या घरी सगळे जमले. त्याच्याकडे लाइन होती. कॅसेट लावली आणि आवाज आला बाईचा. अंगण हसून हसून लोळलं. 'मिल्या, तू गेलता का तुयी मावशी गेलती?' कुणीतरी तुमच्या डोक्यावर पदर घालायला ओढणी आणली. तुम्हीही हसलात म्हणे.

"मी बी हासलो," दादा म्हणाले. "सांगतलं नाई कोनाले. मंग तो पार्टीत गेला नाई. म्या विचारलं, काऊन रे? तं म्हने, दादा, घसा बसला."

मला आठवलं, माझ्या लग्नातही तुम्हाला सगळ्यांनी गा म्हटलं होतं आणि तुम्ही घसा बसला म्हणाला होतात. किती वर्षं बसला तुमचा घसा, भाऊजी!

"त्याले मालूम असन काय वं? सेलाचं?" दादांनी विचारलं.

पितळी बॅटरी खाटेवर पडली होती, झाकण उघडं, रिकामी. त्यांनी ती पाहिली. उचलली, मांडीवर घेतली. महिन्यामागून महिने कोण ती भरत होतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मग त्यांनी झाकण लावलं, उघडलं, लावलं. मी चहा टाकायला उठले. दुसरं मला काही येत नाही.

रात्रंदिवस तोच विचार आहे. तुम्ही ते गाणं टाकलंत तेव्हा त्याचा रोग तुम्हाला माहीत होता. जगाच्या कॅसेटी खाली उतरवणाऱ्या माणसाने स्वतःची एक तशीच झाडावर ठेवली. मला वाटतं, तुम्हाला पाहायचं होतं, लोक पुन्हा हसतात का. तुम्ही दारात उभे राहून आधी मला ऐकवलंत. मी हसले नाही. मग सगळ्यांना ऐकवलंत. कुणीच हसलं नाही. त्या अंगणातल्या लोकांपेक्षा किती जास्त माणसं, आणि एकही हसलं नाही! त्यानंतर तुम्ही काय बोलणार होतात? तुमच्या जागी मी असते तरी बाजाच बिघडवला असता.

माझं मात्र दोनदा नुकसान झालं. तुम्ही गेलात, आणि ती हिरव्या साडीची बाईही गेली. तिच्यासाठी रडावं तर लोक वेड्यात काढतील, म्हणून तिच्या वाटचंही तुमच्यातच उरकून घेतलं. ज्या घाईवर मी तो सगळा संसार उभा केला, ती घाई सेलांची होती.

पण लोक येणार होते. शाल दुबईहून निघाली होती. काहीतरी लिहायला हवं होतं. गप्प राहिले तर ती सगळी माणसं हिंगणीत घरोघर फिरतील, आणि त्या आजी पुन्हा सांगतील, बाई नाई गाली, आणि पुन्हा त्यांनाच म्हातारचळ लागला असं सगळे म्हणतील. एकदा मी म्हटलं तेवढं पुरे. खरं सांगावं तर तुम्ही एवढी वर्षं झाकलेलं उघडं पडतं. दादांना विचारलं. ते म्हणाले, "तू तं बाईच्या नावासाठी भांडत होती ना? आता नाव भेटलं तं काऊन भेऊन राह्यली?"

सरांना संगणकावर वेग नीट करता येतो. मलाही तुम्ही शिकवलं आहे. तुमचा मूळ आवाज करून टाकणं अवघड नव्हतं. मी करून पाहिला, आणि पुसून टाकला. तुम्ही जे ठेवलंत ते मी हलवणार नाही. गाणं तसंच आहे, तसंच बारीक, तसंच घाईचं. फक्त खालची माझी जुनी नोंद काढली आणि नवी लिहिली.

'हिंगणी, जयंतीचा कार्यक्रम. गायक मिलिंद, सिंदीचे. सेल मोठ्या भावाने बदलले होते. बाजा बिघडलेला नव्हता.'

चार ओळी. निबंध नाही. गाणं तुमच्या मर्जीने, नाव माझ्या मर्जीने. आपलं भांडण असं मिटलं तर मिटलं. तुम्हाला पटलं नसेल तर सांगणार कुठून?

ग्रुपवर टाकलं आणि फोन ओट्यावर पालथा ठेवून मी तांदूळ निवडायला बसले. मला धडकी भरली, की आता कुणीतरी हसण्याचं चित्र पाठवेल. मग पुण्याच्या सरांचं आलं, 'म्हणजे पेटी पट्टीतच होती. मला झोप लागेल आता.' आणि थोड्या वेळाने, 'वयनी, तरी आम्ही येतोच. शाल दादांना चालेल का?' दादा म्हणाले, "मले नोको. त्या हिंगनीच्या बुढीले द्या. तिनं बराबर सांगतलं होतं."

आम्ही दोघं आता दुपारी लाइन गेली की तुमच्या खोलीत बसतो आणि ते सेल घालून कॅसेट लावतो. लाइन आली तरी पिन लावत नाही. ते सेल उतरत चालले आहेत. पहिल्या दिवशी तुम्ही पोरगे होतात. दोन दिवसांनी आवाज जरा जाड झाला, नोकरीला लागलात तेव्हासारखा. दादा म्हणाले, "आयक, आता सेलूच्या नोकरीले जाऊन येऊन करून राह्यला." रोज थोडे जाड, थोडे सावकाश. काल तुम्ही जवळजवळ अखेरच्या दिवसांतल्यासारखे वाटलात, थकलेले, एकेक शब्द थांबून टाकणारे, अगदी खोलीतून 'वयनी' म्हणून हाक मारायचात तसे.

उद्या बहुतेक फीत फिरणार नाही. नवे सेल आणायचे नाहीत, असं आमचं ठरलं आहे.